शब्दचर्चा : कार्ट्रिज प्रीॲम्पशी ‘जुळतं’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

१९७०च्या दशकातल्या एका प्रीॲम्पची (रेकॉर्डप्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राची) माहितीपुस्तिका मराठीत आणतो आहे. फोनो (रेकॉर्डप्लेअरच्या) इनपुटसमोर ‘सेन्सिटिव्हिटी २.५ मिलिव्होल्ट, लोड ४७ किलोओम’ एवढंच दिलंय आणि खाली ‘याच्याशी जुळणारं कार्ट्रिज वापरा’ अशी सूचना. (कार्ट्रिज म्हणजे सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग.) मी संवेदनक्षमता, भार आणि जुळणी असे शब्द घातले. मसुदा वाचून मित्राने लगेच विचारलं, ‘माझं कार्ट्रिज ५.५ मिलिव्होल्टचं आहे, मग ते जुळत नाही का?’ शब्द बदलू का?

प्रतिसाद

‘जुळणी’ राहू द्या, पण तिचा अर्थ ‘समान असणं’ नव्हे हे एका वाक्यात सांगा. तंबोरा जुळवतो तेव्हा पंचमाची तार षड्जाला नेऊन बसवत नाही, तसंच. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर छोटं चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजच्या कॉइलचा रोध साधारण ५०० ते १,५०० ओम असतो आणि समोर प्रीॲम्पचा ४७,००० ओम. दोन्ही आकडे सारखे करायला गेलात तर निम्मा सिग्नल तिथेच जाईल.

२.५ मिलिव्होल्ट ही मर्यादाही नाही. पूर्ण आउटपुट मिळायला किमान एवढा सिग्नल हवा, इतकाच तिचा अर्थ. आकडा जितका लहान, तितकी सेन्सिटिव्हिटी जास्त. घोळ इथेच होतो. वरची मर्यादा सांगणारा आकडा ‘ओव्हरलोड’ या नावाने वेगळा दिलेला असतो आणि मित्राने तो पाहावा. ५.५ हा आकडा सुईच्या ठरावीक चाचणी-वेगाचा आहे. रेकॉर्डवरच्या जोरकस जागी त्याच्या चार-पाच पट सिग्नल येऊ शकतो, म्हणजे २५ मिलिव्होल्टच्या आसपास. प्रीॲम्प १०० मिलिव्होल्ट सोसत असेल तर प्रश्नच नाही. सुरुवातीच्या काही ट्रान्झिस्टर प्रीॲम्पना मात्र एवढी ऐपत नव्हती. त्यांना शुअर एम४४-७सारखं ९.५ मिलिव्होल्टचं कार्ट्रिज लावलं की आवाज फाटायचा.

प्रतिसाद

‘भार’ मात्र काढाच. रोजच्या बोलण्यात लोड वाढला म्हणजे प्रवाह जास्त ओढला गेला. इथे ४७चे १०० किलोओम केले तर आकडा वाढतो आणि लोड हलका होतो. शिवाय दोन ओळी खाली ‘सुईचा भार १.८ ग्रॅम’ असं येणारच. तो भार वेगळा. मी पहिल्याला ‘भाररोध’ आणि दुसऱ्याला ‘सुईचा दाब’ म्हणेन. भौतिकशास्त्राच्या मास्तरांना ‘दाब’ खटकेल, पण टर्नटेबलवाले तसंच बोलतात.

प्रतिसाद

भाररोधाला +१.

प्रतिसाद

पुस्तिकेने कपॅसिटन्सबद्दल (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेबद्दल) काही सांगितलेलं नाही आणि खरी जुळणी अडते ती तिथेच. ‘धारिता’ लिहा किंवा कपॅसिटन्सच ठेवा. ती बेरजेची असते हे सांगणं जास्त महत्त्वाचं. कार्ट्रिज धरणाऱ्या आर्ममधली तार, बाहेरची केबल आणि प्रीॲम्पच्या इनपुटवरचा कपॅसिटर हे सगळं एकत्र मोजायचं. समजा ४० + १२० + २२० = ३८० पिकोफॅरड. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई या कार्ट्रिजला १०० ते २०० लागतात. त्याच्या कॉइलचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री; ३८० पिकोफॅरडबरोबर रेझोनन्स (आवाज उसळतो ती जागा) ११ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, १६०वर आणलं तर १७च्या जवळ जातो. पहिल्या जोडणीत झांजा आणि ‘स’कार टोचतील, आणि मग लोक सुईला दोष देतात. उलट शुअर व्ही१५ टाइप ३ला ४०० ते ५०० हवे असतात. त्याला ३८० थोडे कमीच. एकच प्रीॲम्प एकाला जुळतो आणि दुसऱ्याला नाही, तो असा.

प्रश्नकर्ता

आणि मूव्हिंग कॉइल (ज्यात चुंबकाऐवजी कॉइल हलते)? डेनॉन डीएल-१०३ लावायचं असेल तर?

प्रतिसाद

ते ०.३ मिलिव्होल्ट देतं, म्हणजे २.५च्या आठव्या हिश्श्याइतकं, साधारण १८ डेसिबल कमी. थेट जोडलं तर आवाज चढवताना खरखरही चढेल. मध्ये १:१० चा, म्हणजे व्होल्टेज दहापट करणारा, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घातला की ३ मिलिव्होल्ट मिळतात. भाररोध मात्र दहाने नाही, दहाच्या वर्गाने भागायचा : ४७,०००चे कार्ट्रिजला ४७० ओम दिसतात. याचा स्वतःचा रोध ४० ओम आणि शिफारस किमान १०० ओमची, त्यामुळे चालतं. १:३० चा घेतलात तर ५२ ओमच उरतील, तिथे जुळणी मोडली.

मागच्या बाजूला ‘सेरॅमिक’ असं सॉकेट असेल तर त्याचं भाषांतर करू नका, नाव तसंच ठेवा. ते शेकडो मिलिव्होल्ट देणाऱ्या कार्ट्रिजसाठी असतं. तिथे मूव्हिंग मॅग्नेट लावून ‘आवाजच येत नाही’ म्हणणारे भेटतात.

प्रश्नकर्ता

आहे, तेही सॉकेट आहे. भाररोध आणि सुईचा दाब घेतो. सेन्सिटिव्हिटी हा शब्द तसाच ठेवून पुढे ‘पूर्ण आउटपुटसाठी किमान’ एवढं जोडतो.