दशावतार ही कला म्हणायची की जत्रेतली करमणूक?

गावकरी_मुंबईवाला:
नमस्कार मंडळी. यंदा सिंधुदुर्गात गावच्या जत्रेला मुलीला घेऊन गेलेलो, दोघांनी रात्रभर दशावतारी नाटक बघितलं. ती फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं पडलं की बघायला मजा आली, पण याला कला म्हणता येणार नाही, कारण पुराणातली गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत, निमित्त देवाचं, आणि कला म्हणजे त्यात कलाकाराचं स्वतःचं काहीतरी हवं ना. मला ते पटलेलं नाही पण नीट मांडताही येईना. मग कला नेमकं कशाला म्हणायचं? आणि माणसं थंडीत चादर गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात ती कशासाठी? देवासाठीच असेल तर पाया पडून ओटी भरून घरी जाता येतंच की.

तळकोकण्या:
दादा, लेकीला पुढच्या वेळी नाटकाआधी रंगपटात घेऊन जा. जो तो आपली ट्रंक उघडून, छोटा आरसा समोर ठेवून स्वतःचा मेकअप स्वतः करत असतो, वेगळा मेकअपमन वगैरे भानगड नाही. आज कुठलं आख्यान, कोण कुठली भूमिका करणार, कोणाच्या मागून कोणाची एंट्री एवढं तोंडी ठरतं आणि माणसं थेट उभी राहतात. गोष्ट सगळ्यांना माहीत हे खरंय, पण संवाद कोणालाच पाठ नसतात कारण ते लिहिलेलेच नसतात! समोरच्याने भर दरबारात धर्माचा एखादा पेच टाकला की यानं तिथल्या तिथे, राजाच्या भाषेत, राजाला शोभेल असंच उत्तर द्यायचं, आणि पेटीवाल्या बुवांनी ते हेरून पद उचलायचं. मागे पखवाज आणि झांज. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं, ते आत्ता सिंहासन असतं आणि पुढच्या प्रवेशात डोंगर. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना महाभारत तोंडपाठ असतं, जरा कुठे घसरलात की तिथेच चुळबुळ सुरू होते. एवढ्यावर चार-पाच तास माणसं धरून ठेवायची. यात कलाकाराचं स्वतःचं नाही तर काय आहे?
आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. यातले कितीतरी जण दिवसा शेतात असतात.

रेघोट्या:
मी चित्रकलेतलीच आहे म्हणून लिहिते. देवाचं निमित्त म्हणून कला नाही, असं म्हटलं तर अजिंठा पण बाद करावा लागेल. तिथली लेणी भिक्षूंच्या राहण्यासाठी आणि पूजेसाठीच कोरली. 16 नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव आहे, वराहदेव, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. पण चित्रं काढणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, आणि बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा तर तेव्हाही सगळ्यांच्या ओळखीच्याच होत्या. तरी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या त्या झुकलेल्या पापण्या कोणा एका माणसाच्याच हातून उतरल्यात, नाव असो नसो. तिला कॉलेजात 'स्वतःचं काहीतरी' शिकवतात ते चुकीचं नाही, फक्त ते नवीन विषयातच सापडतं असं नाही.

स्पष्टवक्ता_कुडाळ:
पोरीचा मुद्दा इतक्या सहज उडवू नका. हल्ली ट्रिकसीनच्या नाटकांना गर्दी होते, धूर, लाइट, मोठमोठी जनावरं, आणि नटाला बोलायला वाव किती राहतो? मला स्वतःला त्या रात्रींना कला म्हणायला जड जातं. करमणूक चांगलीच, कंपनीचं पोट त्यावर चालतं, पण दोन नट बाकड्याच्या दोन बाजूंना उभे राहून अर्धा तास नुसत्या शब्दांवर लढतायत आणि जत्रेतल्या खाज्याच्या दुकानावरची गिऱ्हाईकं पण वळून बघतायत, ती गोष्ट वेगळी. दोन्हीला दशावतारच म्हणतात, म्हणून तुम्ही त्या रात्री नक्की काय बघितलंत त्यावर उत्तर बदलेल.

माहेरवाशीण:
माणसं कशाला बसतात विचारलंत ना. स्त्रीपार्टी नट बघा. लुगडं नेसलेला बाप्या माणूस, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण राणीला वनात धाडतात तेव्हा तो असा काही विलाप करतो की बायका पदर डोळ्याला लावतात. आमच्या शेजारच्या काकी एरवी कोणासमोर रडायच्या नाहीत, नवरा गेला तेव्हासुद्धा घर सांभाळत राहिल्या, त्या धयकाल्याला, म्हणजे दशावतारालाच, बसून मोकळेपणी रडायच्या आणि कोणी त्यांना काय झालं म्हणून विचारायचं नाही, कारण सगळ्याच रडत असायच्या. देवळात पाया पडून हे होत नाही. मला व्याख्या येत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या काकींमध्ये दिसतं.

गावकरी_मुंबईवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला धागा वाचायला दिलाय, ती म्हणते रंगपटात बसून स्केचेस करायची आहेत. असं बाहेरच्यांना आत येऊ देतात का?

तळकोकण्या:
नाटक कंपनीच्या मालकांना आधी विचारा, बहुतेक नाही म्हणणार नाहीत. चपला बाहेर काढा, आणि गणपतीची पूजा होईपर्यंत वही उघडू नका म्हणावं.