मदत हवी आहे: ‘कॅप्टन व्योम’वर चित्रपट करायचा झाल्यास हक्क कोणाकडे मागावेत?

केतन मेहता दिग्दर्शित ‘कॅप्टन व्योम’ ही विज्ञान मालिका 1998 मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्यावर मराठी चित्रपट व्हावा, अशी नाशिकमधील आम्हा काही लेखक-तंत्रज्ञांची मनापासून इच्छा असून पटकथेचा आराखडा तयार आहे. जुनी दृश्ये वापरायची नाहीत. पात्रे आणि कथाविश्व मात्र तेच हवे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रित झालेल्या मालिकेचा प्रथम हक्क सामान्यतः निर्मात्याचा असतो आणि कथा-पटकथेचा हक्क स्वतंत्र असतो, एवढे आम्ही वाचले आहे. श्रेयनामावलीही तपासली, परंतु तिच्यातून मूळ करार कळत नाहीत. वकिलाकडे जाण्यापूर्वी जाणकारांना विचारतो: अशा जुन्या मालिकेच्या रूपांतराची परवानगी निर्मात्याकडे, लेखकाकडे की दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीकडे मागावी, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे आधी पाहावीत?