पहिल्या निवडणुकीत गाळलेली २८ लाख नावं: निर्णय चुकला का?

रानजाई
स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय निघाला की १९१७ साली ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलेल्या सरोजिनी नायडू आठवतात. फार तर १९१९ मध्ये लंडनला साक्ष द्यायला गेलेल्या हिराबाई आणि मिठन टाटा. १९५१-५२ च्या याद्यांतून गाळलेल्या २८ लाख बायका मात्र कुणालाच आठवत नाहीत. सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी एवढ्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशीच झाली आणि निवडणूक आयोगाने ती रद्द केली. हा अन्यायच होता. नोंद अपुरी घेतली यंत्रणेने, मत गेलं बाईचं.

मोडीवाचक
असहमत. तेव्हा मतदान केंद्रावरचा अधिकारी यादीतलं नाव बघून मतपत्रिका द्यायचा. तिथे 'रामलालची बायको' म्हणून डोक्यावरून पदर घेतलेली कुणीही उभी राहिली तर ओळखायचं कसं? गावात रामलाल चार, त्यातल्या एखाद्याला बायका दोन. खरी येईपर्यंत दुसरीच मत देऊन गेलेली असायची. नावाशिवाय नोंद नाही, ही पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांची भूमिका योग्यच होती. शिवाय नावं दुरुस्त करायला बिहारला महिनाभराची खास मुदत दिली होती आणि तिचा उपयोगही झाला.

रानजाई
मुदत राजस्थानलाही मिळाली, तिथे प्रतिसाद जेमतेम. अडचण तारखेची नव्हतीच. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं नाही ही रीत, आणि दारात वही घेऊन उभा तो परका पुरुषच!

खडीसाखर
आपल्याकडे हे पटकन लक्षात येत नाही, कारण उखाण्यात अडतं ते नवऱ्याचं नाव. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि तेव्हाची मध्य भारत, विंध्य प्रदेश ही राज्यं, इथे अडलं ते बाईचं स्वतःचं. पण सगळा दोष रिवाजावर ढकलू नका. इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने कितीतरी बायकांना मत दिलं ते मालमत्ताधारकाची पत्नी म्हणूनच. महिला संघटना १९३१ पासून सरसकट प्रौढ मताधिकार मागत होत्या, तरीही.

मोडीवाचक
मग हा मुद्दा माझ्याच बाजूचा. 'पत्नी' ही नोंद ५२ साली चालवून घेतली असती तर ५७ लाही तीच राहिली असती.

रानजाई
कायमची ठेवा असं कुठे म्हटलं? आधी बाई प्रगणक (घरोघर नावं नोंदवणारी) पाठवून दुसरी फेरी घ्यायची, तरीही राहिलेल्यांना त्या एका निवडणुकीपुरतं मत द्यायचं. बोटाला शाई लावतच होते की.

मोडीवाचक
शाईने दुबार मत अडतं, तोतया नाही. बाई प्रगणकांचं मात्र मान्य. ती फेरी व्हायला हवी होती.