कन्सोल आणि बेसिक
१९८० च्या दशकात टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलवर (व्हिडिओ गेमच्या यंत्रावर) वाढलेली मुले केवळ खेळत राहिली आणि प्रोग्रामिंगची गोडी घरगुती संगणकांनीच लावली, असे एक मत मांडले जाते आणि ते मला बहुतांशी पटते. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक सुरू करताच बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेचा ‘रेडी’ हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर समोर येई. मात्र ही सीमारेषा तितकी पक्की नव्हती. निन्टेन्डोने १९८४ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम या आपल्या कन्सोलसाठी ‘फॅमिली बेसिक’ हे कार्ट्रिज कीबोर्डसह विक्रीस आणले होते आणि त्यावर लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर साठवताही येत असे. अडचण होती ती मेमरीची: कमोडोरवर बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे असत, तर फॅमिली बेसिकमध्ये जेमतेम २ किलोबाइट. तरीही मारिओची तयार चित्रे स्वतःच्या प्रोग्राममधून पडद्यावर हलवता येत, आणि नवशिक्या मुलासाठी हे आकर्षण मला त्या आकड्यांपेक्षा मोठे वाटते.