मदत हवी आहे : मुलाच्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदानानंतर घरी काय करावे?

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यातून लिहीत आहे. आमचा साडेतीन वर्षांचा मुलगा हाक मारली तरी वळत नाही, मात्र ओसरीवर सरकीचे दाणे तासन्‌तास एका ओळीत मांडत बसतो. गेल्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता असल्याचे सांगितले. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांमागे एक असलेले हे प्रमाण २०२२ मध्ये ३१ मुलांमागे एक झाले आणि त्यात व्यापक झालेल्या निकषांचा व वाढलेल्या तपासणीचा मोठा वाटा आहे, हे वाचले. तरीही घरातील वडीलधारी मंडळी माझ्या पत्नीलाच बोल लावतात, ते मला सहन होत नाही. त्यांना हे कसे समजवावे? वाचा-उपचारासाठी नागपूरला दर आठवड्याला जाणे परवडत नसल्यास घरी कोणता सराव घ्यावा, आणि दिव्यांग प्रमाणपत्र आताच काढावे का, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.