पहिला स्नोबोर्ड घेतोय, हा बोर्ड घेऊ का?

धडपड्या
मंडळी, मागच्या मोसमात भाड्याच्या बोर्डावर शिकायला सुरुवात केली. थांबता येतं, टाचेच्या कडेवर डावी-उजवीकडे सरकत खाली येता येतं. वळण मात्र कधी जमतं, कधी सपशेल आडवा. आता स्वतःचं सामान घ्यावं म्हणतोय. उंची १७८ सेंमी, वजन ६४ किलो, डावा पाय पुढे. दुकानात म्हणाले, बोर्ड उभा धरल्यावर हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये आला की झालं. त्या हिशेबाने १५८. सवलतीत एक बोर्ड दिसतोय : पूर्ण कॅम्बर (मधे कमानीसारखा उचललेला), फ्लेक्स म्हणजे कडकपणा १० पैकी ७. बूट, बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायची पकड) सगळं एकदम उरकून टाकू का?

हिमपावली
तो बोर्ड सवलतीत का आहे ते दुकानदारालाच ठाऊक, पण तुमच्यासाठी तो नाही. हनुवटी-नाकाचा नियम ढोबळ आहे. बोर्ड वाकतो तो तुमच्या वजनाने; तुम्ही किती उंच आहात याचा त्याला पत्ता नसतो. ६४ किलो म्हणजे साधारण १५० ते १५४ बघा, आणि शेवटचा शब्द त्या त्या मॉडेलच्या वजनाच्या तक्त्याचा. १५८ आणि वर ७ फ्लेक्स म्हणजे कमी वेगात तो तुम्हाला दाद देणार नाही. ३-४ पुरे. हे आकडेही प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते, त्यामुळे एकीचा ४ आणि दुसरीचा ४ सारखाच निघेल असं नाही.

पूर्ण कॅम्बरबद्दल : बोर्डाची दोन्ही टोकांजवळची कड बर्फात घट्ट बसते. चांगल्या रायडरला तेच हवं असतं. पण वळण अर्धवट सोडलं आणि उताराच्या बाजूची कड लागली की माणूस काही कळायच्या आत आपटतो. मधे सपाट किंवा हलका कॅम्बर आणि टोकांकडे उचललेला असा मिश्र आकार घ्या. निव्वळ रॉकर, म्हणजे कॅम्बरच्या उलट, मधे टेकलेला आणि टोकांकडे वर गेलेला, मी सुचवणार नाही. तो माफ करतो खरा, पण कडक बर्फावर भरकटतो आणि कड वापरायची सवय लागत नाही.

कडेकडेने
बोर्ड राहू दे बाजूला, तो भाड्याचाच वापरा. आधी बूट घ्या, फक्त बूट. भाड्याचे बूट शेकडो पायांनी सैल झालेले असतात, आणि चवड्याच्या कडेवर जाताना आत टाच उचलली गेली की तुमची हालचाल बोर्डापर्यंत पोचतच नाही. मग माणूस पट्ट्या आवळत सुटतो आणि पाय बधिर करून घेतो. निम्म्या लोकांची 'वळण जमत नाही' ही तक्रार बुटात असते असं माझं मत आहे.

दुकानात असं करा. एकच पातळ लोकरी मोजा, दोन नकोत. बूट घालून टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग आतलं लायनर आवळा, मग बाहेरची दोरी किंवा बोआची (फिरवून तार आवळायची) चकती. ताठ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकेच टेकली पाहिजेत; गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती किंचित मागे यायला हवीत. आता चवड्यांवर उभे राहा. टाच जागची हलली तर तो बूट ठेवून द्या, कितीही देखणा असो. पास झाला तर अर्धा तास तसेच दुकानात फिरा. एका जागी टोचत असेल तर बर्फावर तिथेच ठणकणार. सगळीकडून सारखा घट्ट वाटत असेल तर ठीक, लायनर वापरून दबतंच. पहिल्या दिवशी चपलेसारखा आरामात वाटणारा बूट मोसमाच्या शेवटी ढिला होतो. माप सेंटीमीटरमध्ये मागा, त्यात घोळ कमी.

उतारप्रेमी
बूट आधी, मान्य. पण बोर्ड भाड्याने घेत राहा या सल्ल्याला माझा विरोध. भाड्याच्या बोर्डांच्या कडा बहुधा बोथट असतात, आणि दर वेळी वेगळा बोर्ड हाती आला की चूक आपली की बोर्डाची हेच कळत नाही. मोसमात बऱ्याचदा जाणार असाल तर मऊ, दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन घ्या. जुनाही चालेल. तळावर गाभा दिसेल इतका खोल ओरखडा नको, कड कुठे तुटलेली किंवा आत दबलेली नको, टोकाशी थर सुटलेले नकोत. तळ एक्स्ट्रुडेड (प्लॅस्टिक वितळवून काढलेला, साधा) असला तरी बिघडत नाही. सिंटर्ड (प्लॅस्टिकची भुकटी दाबून घडवलेला) पळतो जास्त, पण त्याला वेळोवेळी मेण हवं. बूट आणि हेल्मेट मात्र जुनं नको.

धडपड्या
१५८ चा नाद सोडला. आज पाय मोजला, अनवाणी २८ सेंमी भरला. १५२ चे बोर्ड बघतोय तर मधली रुंदी २४८-२५० मिमी. पाय बाहेर येईल का? आणि स्टेप-ऑन (पट्ट्यांऐवजी बूट दाबला की अडकणारं बाइंडिंग) कसं?

हिमपावली
वजन कमी, पाय मोठा : इथेच गोची आहे. मधली रुंदी म्हणजे सगळ्यात अरुंद जागा. तुमचे पाय असतात बाइंडिंगच्या जागी, तिथे बोर्ड साधारण सेंटीमीटरभर जास्त रुंद असतो. शिवाय पाय १५ अंशांत वळवला की २८ चे आडवे २७ च उरतात. बुटाची टोकं दोन्ही बाजूंना थोडी बाहेर आली तर चालतं, किंबहुना यावीतच. जास्त आली तर कडेवर झुकल्यावर बोटं बर्फाला घासतात आणि कड सुटते. २५५ च्या आसपास रुंदीचा बघा. काही मॉडेल 'मिड-वाइड' म्हणून येतात. आखूड तळव्याचा बूट मिळाला तर काम आणखी सोपं.

स्टेप-ऑनला त्याच पद्धतीचे बूट लागतात. आधी पायाला बसणारा बूट शोधा. तो नेमका त्यातला निघाला तर बघू. तोवर साध्या पट्ट्या झकास.

मनगटवाली
कुणीच कसं बोललं नाही? मनगटाचे गार्ड घ्या. नवशिक्या स्नोबोर्डरांच्या दुखापतींत मनगट सगळ्यात पुढे, कारण पडताना तळहात टेकतो. मूठ मिटा आणि कोपरापर्यंतचा हात एकदम टेकू द्या. गार्ड आत मावतील असे मिटन घ्या, बोटांच्या हातमोज्यांपेक्षा ऊबही जास्त. पॅड असलेली चड्डी लाज न वाटता घाला, जॅकेटखाली दिसत नाही. हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० लिहिलेलं बघा, सायकलचं नको. जोराचा मार बसला की बदलायचं. गॉगल हेल्मेट घालूनच बघा, नाहीतर कपाळाची फट गोठते. आत सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही.

धडपड्या
लिहून घेतलं. मग या खेपेला बूट, हेल्मेट, गार्ड माझे, बोर्ड भाड्याचा. बाइंडिंगचे कोन काय सांगू?

कडेकडेने
पुढचा +१५ अंश, मागचा −६ (अधिक म्हणजे बोटं बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, उणे म्हणजे मागच्या). अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त, आणि दोन्ही बाइंडिंग बोर्डावर खूण केलेल्या मधल्या जागी. 'डावा पाय पुढे' हे आधीच सांगा, आणि निघण्यापूर्वी तुमचा नवा बूट त्यांच्या बाइंडिंगमध्ये अडकवून बघा. टाचेकडे आणि बोटांकडे सारखाच बाहेर दिसला पाहिजे. नसेल तर तिथेच स्क्रू सैल करून सरकवून घ्या. वर लिफ्टपाशी पोचल्यावर स्क्रूड्रायव्हर शोधत बसू नका.