13 वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन सोलापूर सोडावं का? माझ्या मते सोडावं

भुईकोट

मुलगा 13 वर्षांचा आहे. तीव्र स्वमग्न, दिव्यांग प्रमाणपत्रावर 90 टक्के. बोलत नाही. तहान लागली की माझं मनगट धरून माठापर्यंत नेतो आणि माझा हात झाकणावर ठेवतो. स्वतः झाकण उचलत नाही, आजवर एकदाही उचललेलं नाही.

मिस्टर औषध कंपनीत केमिस्ट आहेत, चिंचोळी एमआयडीसीत. आता पटनचेरूला, म्हणजे हैदराबादच्या कडेला, नोकरी मिळतेय. घरात सासरे, दीर, जाऊ सगळे विरोधात. "असल्या पोराला घेऊन परराज्यात? भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही." माझं मत ठाम आहे की जावं, आणि ते पगारासाठी नाही.

इथल्या शाळेने जूनमध्ये सांगितलं, आता तो मोठा झालाय, आवरत नाही, रोज अर्धा तासच पाठवा. अर्ध्या तासासाठी रिक्षाने नेऊन आणायला मला दीड तास लागतो. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) करायला ज्या बाई यायच्या त्यांचं लग्न होऊन त्या गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. सिकंदराबादला एनआयईपीआयडी आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठी 1984 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था, जुन्या लोकांना एनआयएमएच म्हणून माहीत असेल. मला तिथे चमत्कार नको. ओठावर लव आलीय त्याच्या. तीन-चार वर्षांनी दाढी करावी लागेल आणि न्हाव्याचं मशीन सुरू झालं की तो टेबलाखाली जातो. संडासला गेल्यावर धुणं अजून मीच करते. हे शिकवायची रीत ज्यांना माहीत आहे, अशी माणसं मला हवी आहेत.

भाषेचं म्हणाल तर आम्ही पूर्व भागात राहतो, गल्ली निम्मी तेलुगू. शेजारच्या आजी "रा रा" म्हणाल्या की तो जातो. "नीळ्ळु" म्हटलं की माठाकडे बघतो. त्याला मराठी जेवढं समजतं त्याच्या निम्मं तरी तेलुगू समजत असेल.

विरोधातली मतंही हवी आहेत. घरात त्यावर नीट बोलणंच होत नाही, लगेच आवाज चढतात.

पानगळ

माझं मत तुमच्या उलट आहे, आणि ते अनुभवातून आलंय. माझा धाकटा भाऊ असाच आहे. आम्ही लातूरहून पुण्याला गेलो तेव्हा तो 14 चा होता. तिथे सगळं मिळालं: थेरपी, चांगली शाळा, डॉक्टर. पण भाऊ पाच महिने रात्री झोपला नाही. भिंतीवर डोकं आपटायला लागला, जे त्याने आधी कधीच केलं नव्हतं. शेवटी आईने त्याला परत आणलं. परत आल्यावरही आपटणं पूर्ण थांबलं नाही.

तुम्ही शिकवणाऱ्या माणसांचं लिहिलंत. ओळखणाऱ्या माणसांचं काय? घर, रस्ता, दुकानाची पाटी, दुपारी येणारा भंगारवाला, यांच्यावर अशा मुलाचा दिवस उभा असतो. ते एका दिवसात काढून घेणार. तेही वयात येताना, जेव्हा त्याचं स्वतःचं अंगच त्याला परकं वाटतंय.

कोयनाकाठ

आम्ही साताऱ्याहून बेंगळुरूला गेलो, मुलगी तेव्हा 11 ची. दोन वर्षं झाली. जाऊन बरं झालं असं मी म्हणेन, पण थेरपीचं सोडा, आधी घराचं ऐका. पहिलं घर चौथ्या मजल्यावर होतं. रात्री किंचाळली की खालचे बेल वाजवायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचा विषय निघाला आणि सातव्या महिन्यात घरमालकाने घर रिकामं करायला लावलं. दुसरं घर शोधताना पहिल्या फोनवरच सांगायला लागलो की मुलगी अशी आहे, रात्री ओरडते. नऊ जणांनी फोन ठेवला, दहावा हो म्हणाला. तुम्हीही तसंच सांगा. तळमजला घ्या. खिडक्यांना जाळी, दाराला वरच्या बाजूला कडी, आणि जवळ तळं, विहीर, उघडी पाण्याची टाकी नाही ना, ते स्वतः फिरून बघा. या मुलांना पाण्याची ओढ असते.

कागदांचं सोपं आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, पत्ता बदलून घ्या. निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेचा, 1 लाखापर्यंतचा, तो राज्य बदललं म्हणून जात नाही, फक्त नूतनीकरण चुकवू नका. राज्य सरकारच्या सवलती मात्र प्रत्येक राज्याच्या वेगळ्या, तिथे रहिवासी पुरावा लागतो.

पाटाचं पाणी

मिस्टरांनी एकट्यांनी जावं. हुसेनसागर एक्सप्रेस सोलापूरवरून जाते, शनिवार-रविवार येतील. हजारो घरं अशीच चालतात. मूल तिथेच, आजोबा तिथेच, पगारही येतो. एवढा सरळ मार्ग असताना सगळं घर उचलायचा हट्ट कशासाठी?

भुईकोट

पाटाचं पाणी, मुलाचं वजन 52 किलो आहे, माझं 49. मे महिन्यात कुकरची शिट्टी आणि बाहेर बँड एकदम सुरू झाला, तेव्हा त्याने स्वतःचं मनगट चावायला घेतलं. सोडवायला गेले तर माझा दंड धरला. मिस्टर घरी होते म्हणून सुटले. सासरे 74 वर्षांचे, त्यांना मी मध्ये येऊ देत नाही. सोमवार ते शुक्रवार मी एकटी हे करू शकणार नाही. हे लिहायला मला लाज वाटत होती, पण खरं तेच आहे.

पानगळ, तुमच्या भावाचं वाचून रात्रभर डोक्यात तेच होतं. भिंतीवर आपटणं आमच्याकडे अजून नाही.

सॅन होजेची सून

इथल्या अमेरिकेतल्या आई-बापांची हीच चर्चा असते, फक्त राज्यांची नावं वेगळी. आम्ही टेक्सासहून कॅलिफोर्नियाला आलो. तिथे घरी मदतनीस मिळण्याच्या मेडिकेड (सरकारी आरोग्य मदत) योजनेची रांग वर्षानुवर्षांची होती, आणि राज्य सोडलं की रांगेतला नंबर जातो. दुसऱ्या राज्यात पुन्हा पहिल्यापासून. कॅलिफोर्नियात 1969 पासून लँटरमन कायदा आहे, त्यामुळे अशा मुलाला सेवा मिळणं हा हक्क ठरतो. त्या सेवांसाठी राज्यभर 21 रीजनल सेंटर आहेत. घरं महाग, सगळं महाग, तरी लोक इथे येतात ते त्यासाठी. शाळेचं तेवढं बरं आहे. जुन्या राज्यातला आयईपी, म्हणजे शाळेने त्या मुलापुरती लिहून दिलेली शिक्षण-योजना, घेऊन गेलं की नवीन तपासणी होईपर्यंत नव्या शाळेला त्याच्याशी मिळत्याजुळत्या सेवा द्याव्याच लागतात.

भारतात असा कागद सोबत नेता येत नाही, म्हणून तुम्ही स्वतः करा. कशाने उखडतो, कशाने शांत होतो, काय खातो, पाणी कसं मागतो, सगळं दोन पानांत लिहा आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. नव्या शाळेत पहिल्या दिवशी हातात द्या.

पानगळ

भुईकोट, तुमच्याच एका जुन्या प्रतिसादातलं इथे आणतो, राग मानू नका. मागच्या गड्ड्याच्या यात्रेत तुमचा मुलगा दार उघडं राहिलं तेव्हा निघून गेला होता. सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यापाशी सापडला. तुम्हीच लिहिलं होतंत की फुलवाल्या बाईंनी ओळखलं, "मास्तरांचा नातू" म्हणून हाताला धरून बसवून ठेवलं, शेवंतीची वेणी हातात दिली आणि माणूस पाठवला.

पटनचेरूला तो निघून गेला तर कोण ओळखणार? तिथे तो मास्तरांचा नातू नसेल. विचित्र हातवारे करणारा, न बोलणारा, अंगाने मोठा मुलगा असेल. लोक पोलिसात देतील किंवा मारतील. माझ्या भावाला पुण्यात मारलं होतं. चोर समजून.

करवीर निवृत्त

मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो. केंद्र सरकारचा 2014 चा आदेश आहे: दिव्यांग अपत्य सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट. आधी त्यात स्वमग्नता नव्हती, त्याच वर्षी नंतर घातली गेली. भुईकोट, तुमच्या मिस्टरांना खासगी नोकरीत त्याचा उपयोग नाही, पण सरकारी नोकरीतले कुणी वाचत असतील म्हणून सांगितलं. 2015 मध्ये माझी गुजरातेत बदली निघाली. मुलगा 18 चा होता. मी आदेश दाखवला, पुढची बढतीही नाकारली आणि कोल्हापुरात थांबलो. कारण अगदी पानगळ यांनी लिहिलंय तेच. आमची पेठ त्याला ओळखायची. चहावाला त्याला रोज एक खारी द्यायचा, पैसे घ्यायचा नाही.

आज मुलगा 29 चा, मी 68. चहावाला वारला. समोरचे दोन वाडे पाडून अपार्टमेंट झालं, तिथल्या कुणाला आमचं नाव माहीत नाही. मागच्या महिन्यात तो जिन्यात उभा राहून झुलत होता, तर एका नव्या भाडेकरूने मला खाली बोलावून विचारलं, हा कोण? हलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. त्याची ती दहा वर्षं सुखाची गेली, ती मी डोळ्यांनी बघितली. पण ज्या माणसांसाठी थांबलो त्यातली आता फार कमी उरलीत, आणि नवीन काही शिकवायला त्याचं आणि माझं दोघांचंही वय निघून गेलंय. अंघोळ मी घालतो. माझा गुडघा गेलाय.

आणखी एक. 18 पूर्ण झाल्यावर आई-बापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999, त्याखाली स्थानिक समिती असते, कलेक्टर त्यात असतात, तिथून पालकत्व घ्यावं लागतं. तुम्ही पाच वर्षांनी जिथे राहाल तिथे हे करावं लागेल. तोवर एका जागी स्थिर व्हा, एवढं बघा.

पाटाचं पाणी

भुईकोट, 52 किलोचं वाचलं. एकट्यांनी जावं हे माझं म्हणणं मागे घेतो. तरी मुंबई-पुण्याचा विचार का नाही? सिकंदराबादच्या त्याच संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. राज्य तरी आपलं राहील.

भुईकोट

खारघरला आमच्या पगारात तळमजल्याचं घर मिळत नाही, आणि नोकरी पटनचेरूची आहे. शिवाय सोलापूर-हैदराबाद साधारण 300 किलोमीटर. सासऱ्यांना काही झालं तर मुंबईपेक्षा हैदराबादहूनच लवकर पोचू.

कोयनाकाठ

उपचारांच्या नावाने कुणी गळाला लावायला येईल, तेही आधीच सांगते. बेंगळुरूत पहिल्या तीन महिन्यांत दोघांनी आम्हाला स्टेम सेल सुचवलं, एकाने तर हप्ते पाडून देतो म्हणून सांगितलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी ते नको म्हटलंय. मोठ्या शहरात चांगली माणसं असतात तशी हीही असतात. न्यूरॉलॉजिस्ट मात्र जवळ बघून ठेवा. वयात येताना काही स्वमग्न मुलांना फिट्स सुरू होतात. आमच्या मुलीला गेल्या वर्षी पहिली आली, दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. साताऱ्यात गाव सोडून किती लांब जावं लागलं असतं, ते मला माहीत आहे.

भुईकोट

सगळं दोनदा वाचलं. पानगळ, फुलवाल्या बाईंचं तुम्ही आठवून दिलंत तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. करवीर काकांचं वाचून मिस्टर बराच वेळ गप्प बसले.

आमचं असं ठरतंय. मिस्टर पुढच्या महिन्यात रुजू होतील. त्या काळात माझा भाऊ इथे येऊन राहील, तो अंगाने दणकट आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं तीन आठवडे तिकडे राहून बघू. रेल्वे नको, भोंग्याला घाबरतो, गाडी करून जाऊ. खिशात नाव, फोन नंबर, आणि शर्टाच्या आत शिवलेली मराठी-तेलुगू चिठ्ठी. शेजारच्या आजींनी तेलुगूतलं लिहून द्यायचं कबूल केलंय. झोप गेली, आपटणं सुरू झालं, तर परत यायचं आणि नोकरीचं पुन्हा बघायचं. हे मिस्टरांनी स्वतः म्हटलंय.

पानगळ

मत बदललेलं नाही. पण जाणारच असाल तर सोलापूरचं घर भाड्याने देऊ नका, निदान दोन वर्षं. त्याची खोली तशीच ठेवा. आम्ही दिलं होतं. परत आलो तेव्हा भावाच्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचं कपाट होतं, आणि तो त्या कपाटापुढे उभा राहायचा.

भुईकोट

नाही देणार. आणि माठ इथलाच नेतेय. नवीन घेतला तर झाकण वेगळं येईल.